कृपया लक्ष द्या, नेरले ढग आहे

मोबाईल, संगणक आणि आपोआप चालणाऱ्या मोटारी यांतलं सगळं कळणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण त्यांच्या बातम्यांखाली येऊन आधी आपल्या गावचं आभाळ सांगणारा, मग जमलेल्यांची हजेरी घेणारा आणि शेवटी बातमी टाकणाऱ्या यंत्रालाच 'जेवला का बापा' असं विचारणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, नेरला झाला. मी त्यांना मामा म्हणते. ते माझ्या आईचे भाऊ नाहीत, नात्यागोत्यातले नाहीत, आणि मी मामा म्हणायला लागले तेव्हा त्यांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. पण लांब गेलेल्या पोरीला वऱ्हाडी बोलणारा कुणीही भेटला की तो मामाच होतो, त्याला इलाज नाही.

मी त्याच जिल्ह्यातल्या मुकुटबनची. शाळा नववीतच सुटली आणि ह्याच्या-त्याच्या ओळखीनं होसूरजवळच्या एका कारखान्यात लागले. नव्या मोबाईलच्या खोक्यात वायर, माहितीचा कागद आणि सिम काढायची बारीक सुई ठेवायची, एवढंच माझं काम. काम सोपं, पण जीव माझा घाबरट. एखाद्या खोक्यात सुई ठेवायची राहिली असली तर कुठल्याशा शहरात कुणीतरी माझ्या नावानं बोटं मोडत असेल, असं दिवसभर वाटायचं. आमच्या मुकुटबनकडे तेलुगू कानावर पडते, म्हणून दक्षिणेची भाषा आपल्याला जमेल असा माझा समज होता. तमिळनं तो पहिल्याच दिवशी खोटा ठरवला. कॅन्टीनमध्ये रांगेत कुठून शिरायचं, भात थोडा घाला हे कसं सांगायचं, काही कळेना. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या पायऱ्यांवर बिस्किटाचा पुडा घेऊन बसायची आणि फोन उघडायची. आपण रोज जे खोक्यात घालतो ते आहे तरी काय, हे जाणून घ्यायची मला भारी उत्सुकता. त्यातून एक मराठी संकेतस्थळ सापडलं. तिथे रोज तंत्रज्ञानाच्या बातम्या यायच्या, आणि प्रत्येक बातमीखाली लोकांची भांडणं. बातमी मला अर्धी कळायची. भांडणं पूर्ण कळायची.

त्या भांडणांच्या मधोमध एके दिवशी, चार कॅमेऱ्यांच्या फोनच्या बातमीखाली, हे वाचलं: 'कृपया लक्ष द्या. रामराम, जय भीम, सलाम, ज्याचं जे असन ते घ्या. नेरले ढग आहे, पानी नाही. ह्या फोनले चार डोये कायले देले? पाहाचं त एकाच मानसाकडं असते.' आणि खाली पुन्हा तेच, अक्षर न् अक्षर. मला पहिल्यांदा वाटलं नेट अडकलं असेल. तसं नव्हतं. मामा प्रत्येक गोष्ट दोनदा लिहीत, कारण सारी उमर त्यांनी बसस्टँडवर माईकपुढे काढली होती. यवतमाळ, दारव्हा, अमरावती, कोणती गाडी कुठे लागली, कुणाची पिशवी सापडली, कुणाचं पोरगं चुकलं, हे सांगत सांगत ते रिटायर झाले. माईक गेला, पण घोषणा अंगातच राहिली होती. तिला जागा पाहिजे होती. ती या संकेतस्थळावर मिळाली. तिथे एक अचूकराव नावाचे पुण्याचे वाचक होते. नावाप्रमाणेच ते सगळ्यांच्या चुका काढत आणि खाली 'गैरसमज नसावा' असं लिहीत. त्यांनी मामांना झापलं की महाशय, एकदा लिहिलेलं आम्हाला वाचता येतं. मामांनी उत्तर दिलं, 'साहेब, पहिल्या बारीले मानूस फकत डोकं वर करते. आयकते दुसऱ्या बारीले.' हे उत्तरही त्यांनी दोनदा दिलं.

कोणतंही यंत्र मोजायची मामांची पट्टी एकच, बसस्टँडची. बिनाचालकाच्या मोटारीची बातमी आली तेव्हा बाकीचे लोक कायदा, अपघात, परदेश यांवर तुटून पडले. मामांना एवढंच विचारायचं होतं की चालकच नाही त चहा प्याले कोण उतरन, आणि कोणी उतरलंच नाही त मधल्या गावच्या मानसानं चढावं कवा. एखादा फोन बाजारात यायला उशीर झाला की सारे कंपनीला शिव्या घालत. मामा तेवढे खूश. 'उशीर आहे म्हंजे येऊन राह्यला. रद्द असती त बोर्डावर लागलं असतं.' आणि सापडलेल्या वस्तूंची त्यांची जुनी सवय इथेही सुटली नव्हती. गर्दीत कुणाचा तरी प्रश्न उत्तरावाचून राहून जायचा, त्यावरून बातम्यांवर बातम्या निघून जायच्या, आणि अचानक मामांची घोषणा व्हायची: एका भाऊचा सवाल सापडला आहे, फोन खिशात गरम काहून होते असं इचारत होते, ज्याच्याजवळ उत्तर असन त्यानं चौकशीच्या खिडकीवर आनून द्यावं. आणि खरंच कुणीतरी आणून द्यायचं. मला जे काही यंत्रातलं कळतं ते बरंचसं अशा सापडलेल्या सवालांतून. विचारायची हिंमत मला कधी झाली नाही. माझ्या मनातला सवाल दुसऱ्या कुणाचा तरी हरवलेला म्हणून मामांना सापडायचा.

हजेरीचं तर विचारूच नका. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर रोजचा माणूस दोन दिवस दिसला नाही की पोरगं पाठवून घरी चौकशी करायची, ही नेरची रीत. मामांनी ती जशीच्या तशी इथे आणली. पोपटाचा फोटो लावणाऱ्या एका वाचकाचा काही दिवस पत्ता नव्हता, तर बॅटरीच्या बातमीखाली मामांनी पोपटाची चौकशी सुरू केली. पोपट बिचारा मेहुणीच्या लग्नाला गेला होता. परत येऊन त्यानं सगळ्यांना लग्नातल्या पंगतीचं वर्णन ऐकवलं, बॅटरी राहिली बाजूला.

पण मामांचा खरा जीव होता 'बातमीसेवक'वर. हे त्या संकेतस्थळाचं यंत्र. प्रत्येक बातमीखाली आपोआप तिचा सारांश टाकायचं, आणि त्याला कुणी काही म्हटलं की एकच वाक्य बोलायचं: 'आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद.' ते यंत्र आहे हे साऱ्यांना ठाऊक होतं. मला सुद्धा कळलं होतं, म्हणजे बघा. मामांना मात्र तो कुणीतरी लाजरा मुलगा वाटायचा. रोज दुपारी ते त्याला विचारायचे, 'बातमीसेवक भाऊ, जेवला का?' तो म्हणायचा, आपल्या प्रतिसादाबद्दल धन्यवाद. एकदा अचूकरावांनी डिवचलं, त्याच्याशी काय बोलता? मामांनी लिहिलं, 'ड्युटीवर आहे थो. ड्युटीवर मानसाले जास्त बोलता येत नाही. अन् घरून लांब असनार. लांबचे लोक लय धन्यवाद म्हनतात.' मी पायऱ्यांवर बसल्या बसल्या चपापले. त्याच सकाळी मी सुपरवायझरला, वॉचमनला आणि ज्यानं माझ्या पायावर खोकं पाडलं त्यालाही धन्यवाद म्हटलं होतं.

त्या दिवशी बिस्किटाचा पुडा मिटवून मी उठले. विचारलं होतं यंत्राला, पण लाज मला वाटली. कॅन्टीनमध्ये गेले, रांगेत भलतीकडूनच शिरले, एका बाईनं दंडाला धरून मला नीट उभं केलं, आणि सांबार-भात पोटभर जेवले. मग ते रोजचंच झालं. मामांनी बातमीसेवकाला विचारायचं, आणि मी उठून जेवायला जायचं.

असं चाललं असताना संकेतस्थळाच्या संपादकांची सूचना आली. मामांच्या नावानंच होती. विषय सोडून लिहिणं आणि तेच तेच दोनदा टाकणं थांबवावं, यापुढे तसं दिसल्यास खातं बंद करण्यात येईल. मामांनी ती फार मनावर घेतली. नियमातला माणूस, साहेबाचा कागद म्हणजे कागद. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'बॅटरी मोठी आहे.' एकदाच. ना आभाळ, ना रामराम. त्याच्या पुढच्या दिवशी, 'पडदा चांगला आहे.' इतकं अचूक आणि विषयाला धरून बोलणं त्या संकेतस्थळावर आजवर कुणी केलं नव्हतं, आणि ते वाचून सगळ्यांना मामा आजारी आहेत असं वाटायला लागलं. बातमीसेवकाला कुणी विचारेना. मीही पुन्हा पायऱ्यांवर बसू लागले.

त्यातच अचूकराव दिसेनासे झाले. एका बातमीत ढळढळीत चूक होती, ती तशीच पडून राहिली, कुणी काढलीच नाही. मामांना ते दिसत नसेल असं होणं शक्य नव्हतं. मी रोज पाहायची, मामा काय करतात. पडदा चांगला आहे. आवाज बरा आहे. वजन कमी आहे. आणि मग एका दुपारी:

'कृपया लक्ष द्या. पुन्याचे अचूकराव साहेब लय दिवसापासून स्टँडवर दिसले नाही. कोनाले माहीत असन त सांगा. खातं बंद झालं त चालन, पन मानूस सापडला पायजे.'

दोनदा. संध्याकाळपर्यंत मामांच्या नावापुढे राखाडी अक्षरं उमटली: हे खाते बंद आहे.

मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. तिथे माझ्या बोलीत बोलणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि त्याला माहीतही नव्हतं की कुणी पायऱ्यांवर बसून त्याची वाट पाहतं. संपादकांना लिहावं असं मनात यायचं. दोन ओळी टाईप करायची, नववीतली बाई काय मोठी सांगून राहिली असं कुणी म्हणेल म्हणून पुसून टाकायची.

पुढच्या आठवड्यात अचूकराव उगवले. त्यांची आई दवाखान्यात होती. त्यांनी मागचं सगळं वाचलेलं दिसलं, कारण नव्या फोनच्या बातमीखाली त्यांनी लिहिलं, 'कृपया लक्ष द्या. पुण्याला ऊन आहे. आई घरी आली. बातमीसेवक, जेवलास का?' आणि खाली पुन्हा तेच. अचूकरावांनी दोनदा! मग पोपटवाल्यानं आपल्या गावचं आभाळ सांगितलं. मग आणखी कुणी, मग आणखी. कुठे वारा होता, कुठे लाईट गेली होती, कुणाकडे पिठलं होतं. फोनबद्दल एका शब्दानं कुणी बोलेना. बातमीसेवक सगळ्यांना धन्यवाद म्हणून म्हणून थकला असेल. मग मीही लिहिलं: 'कृपया लक्ष द्या. होसूरले ढग आहे. मी मुकुटबनची आहे. मी जेवली.' डोळे मिटून पाठवलं. मग डोळे उघडून पुन्हा एकदा पाठवलं.

संपादकांनी मामांचं खातं परत उघडलं, खाली 'विषयांतर मर्यादेत असावे' अशी ओळ टाकून. मामा परत आले ते असे: 'बंद पडलेली गाडी परत लागली आहे. ढकलनाऱ्याइचे उपकार. कोनी उभ्यानं नोका येऊ, जागा लय आहे. मुकुटबनची बाई कोन होय, तिनं चौकशीच्या खिडकीवर भेटावं.'

भेटले. सुट्टीत घरी आले तेव्हा गेले. मुकुटबनची वाट काही नेरवरून जात नाही, उलट्या बाजूला आहे. आईनं मला वेड्यात काढलं. स्टँडसमोरच्या टपरीवर मामा बसले होते, बारीक, पांढरा सदरा, आणि आवाज इतका हळू की मला वाकून ऐकावं लागलं. साऱ्या गावाला गाड्या सांगणारा हाच तो आवाज, खरं वाटेना. आता स्टँडवर एका बाईचा भरून ठेवलेला आवाज घोषणा करतो. ती बोलली की मामा मान वर करत, आणि ती पुन्हा बोलली की ऐकत. आम्ही चहा घेतला. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, थो बातमीसेवक मानूस नोहे. मशीन आहे."

मामांनी बशी खाली ठेवली. स्टँडच्या भोंग्याकडे पाहिलं.

"असन," म्हणाले. "पन माय, घोषणा एकाच्या नावानं असते. आयकते सारा स्टँड. एखांदा उपाशी बसला असन त उठते."

मी पायऱ्यांचं त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. नुसतं धन्यवाद म्हटलं, तर ते हसले, आणि माझ्यासाठी पोहे सांगितले.

आता मी पुन्हा होसूरला आहे. कॅन्टीनमध्ये कुठून शिरायचं ते नव्या पोरींना मीच दाखवते. संकेतस्थळानं मध्यंतरी जुनं यंत्र काढून नवं बसवलं. हे नवं हुशार आहे, लांबलचक उत्तरं देतं. बातमीसेवक हे नाव गेलं. ते गेलं त्या दुपारी मामांची घोषणा आली: 'नेरले धुई आहे. बातमीसेवक भाऊ दिसून नाही राह्यला. बदली झाली असन. जिथं गेला असन तिथं त्याले कोनीतरी जेवला का म्हनून इचारावं.'

मी जेवणाच्या सुट्टीतच होते. ताट बाजूला ठेवून ते वाचलं, आणि मग, सवयीनं, दुसऱ्यांदा वाचलं.