एका नावाची रापण

माझ्या वडिलांची रापण होती, म्हणजे किनाऱ्यावरून दहा-वीस माणसांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, आणि मी एम.एस्सी. झाले होते. या दोन गोष्टी एकाच घरात कशा, असं मालवणात पुष्कळांना वाटायचं, आणि ते तोंडावर विचारायचेही. "शिकान काय करतलंस गो? बांगडे काय तुजी डिग्री इचारतले?" मी चिडायचे. चिडायला मला कधी फार वेळ लागला नाही.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. किनाऱ्यावर एक लहानसं संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे भाड्याचं कौलारू घर, पडवीत खाऱ्या पाण्याच्या टाक्या, आत दोन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या हाताखाली मी. एक सर कालवांवर काम करत. खाडीतल्या खडकांना चिकटून वाढणारी ही कालवं आमच्याकडे भाताबरोबर खातात. सर मात्र त्यांची पिल्लं केव्हा, कुठल्या पाण्यात आणि का खडक धरतात, ते वर्षानुवर्षं बघत बसले होते. दुसरे शास्त्रज्ञ रसायनवाले. समुद्राच्या पाण्यात काय काय विरघळलंय ते मोजायचे, हसतमुख होते, चहा स्वतः करून सगळ्यांना द्यायचे.

अशात वरून कळलं, केंद्राला एकच प्रमुख नेमायचा आहे आणि एकच विभाग ठेवायचा आहे. ज्याचं संशोधन मोठं तो प्रमुख. दुसऱ्याने घाटावर जाऊन तळ्यातल्या माशांचं काम बघायचं. मोठं कसं ठरवणार? तर निबंध किती छापले आणि जगातल्या इतर संशोधकांनी आपल्या निबंधांत त्यांचा उल्लेख किती वेळा केला, हे मोजून. परदेशात म्हणे असं मोजायची नवी टूम निघाली होती. मोजणी करून समितीपुढे ठेवायचं काम माझ्यावर आलं, कारण दोघांचाही माझ्यावर विश्वास होता.

सर घाटावर जाणार, ही कल्पनाच मला सहन होईना. माणूस खाऱ्या वाऱ्याशिवाय जगला नसता. आणि खाडीतलं ते काम? ते कोण करणार होतं?

बोटीने मुंबई गाठली. मावशीकडे उतरले आणि एका मोठ्या ग्रंथालयात ठाण मांडलं. प्रत्येक निबंधाच्या शेवटी संदर्भ असतात, म्हणजे आपण कुणाकुणाच्या कामाचा आधार घेतला त्यांची नावं. जपान, फ्रान्स, अमेरिका, कुठकुठली नियतकालिकं उघडायची, शेवटचं पान गाठायचं आणि आमच्या दोघांची नावं शोधायची. पहिल्यांदा सरांचं नाव एका जपानी निबंधाच्या तळाशी दिसलं तेव्हा मी मोठ्यांदा "गावला!" म्हणून ओरडले. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. मला त्याचं काही नव्हतं. आमच्या वालावलच्या खाडीतल्या कालवांची गोष्ट जपानात कुणीतरी वाचत होतं! माझा आनंद पोटात माईना. समोर बसलेल्या अनोळखी विद्यार्थ्याला मी ते पान दाखवलं. तो बिचारा कायद्याचा अभ्यास करत होता.

पण मोजणी पुढे सरकली तसा माझा चेहरा उतरला. रसायनवाल्यांचे निबंध ढीगभर, उल्लेख त्याहून जास्त. सरांचे मोजकेच. सरळ आकडे मांडले असते तर सरांचं सामान त्याच दिवशी बांधायला घ्यावं लागलं असतं.

परतीच्या बोटीत डेकवर बसून मी नुसती धुमसत होते. आणि देवगडच्या आसपास, एकदम लख्ख उजेड पडला. अगं, बांगड्याच्या राशीशेजारी इसवण, म्हणजे सुरमई, ठेवून मोठा कोण म्हणून आपल्याकडे कुणी विचारतं का? रापणीत बांगडा लागला तर राशी लागतात. गरी टाकून बसलेल्याला दोन-तीन इसवणी मिळाल्या तरी गावभर बोललं जातं. गरीवाल्याला विचारायचं ते एवढंच, की आज बाकीच्या गरीवाल्यांना किती लागल्या? रसायनाच्या पाण्यात जगभरची माणसं उतरलेली, तिथे एकमेकांची नावं सारखी घेतली जाणारच. कालवांवर काम करणारी माणसं जगात मूठभर! त्या मूठभरांत सरांचं नाव न घेता निबंध लिहिणारा मला जवळपास भेटलाच नव्हता. मी डेकवर उभीच राहिले. उडी मारून पोहत मालवण गाठावं असं वाटत होतं.

तेवढ्यावर थांबेन तर मी रापणकाराची लेक कसली! रसायनवाल्यांच्या एकेका निबंधावर चार-चार, पाच-पाच नावं होती. मग तो अख्खा निबंध एकट्याच्या पदरात कसा टाकायचा? आमच्याकडे जाळं किनाऱ्याला लागलं की वाटे पडतात. सुरुवातीपासून दोर ओढणाऱ्याचा वाटा वेगळा. शेवटी येऊन दोराला हात लावणाऱ्यालाही रिकामं पाठवत नाहीत, पण त्याला मिळतात ते निस्त्यापुरते मासे, एका वेळच्या कालवणापुरते. तोच नियम मी निबंधांना लावला. रसायनवाल्यांना जाऊन सरळ विचारलं, यातल्या कुठल्या निबंधात तुम्ही दोर ओढला आणि कुठल्यात नुसता हात लावला? ते खो खो हसले आणि चहा करता करता एकेका निबंधाचं खरं खरं सांगत गेले. "यात मी फक्त क्षार मोजून दिले. निस्त्यापुरतं लिही." इतक्या सज्जन माणसाविरुद्ध आपण लढतोय याचं मला वाईटही वाटलं. पण हिशेब सरांच्या बाजूने झुकला होता, आणि मी हवेत होते.

समिती आली. तिघेजण, मुंबईचे, अध्यक्ष म्हातारे, बारीक अंगाचे. पडवीतच टेबल मांडलं होतं. एका बाजूला सर, एका बाजूला रसायनवाले, मधे मी. माझं टिपण अध्यक्षांनी मोठ्याने वाचायला घेतलं. बांगडा आणि इसवण आली तेव्हा एक सदस्य गालात हसले, पण मान हलवत होते. मग अध्यक्ष अडखळले.

"प्रत्येक निबंधातून एक वाटा बाजूला काढलाय. 'जाळ्याचा वाटा'. हा कुणाच्या नावावर?"

मी गारच पडले. रापणीत जाळ्याचा वाटा निघतो, होडीचाही निघतो. माझ्या बोटांना ती सवयच. कुणी मागितलेला नसताना मी टाक्यांना आणि सूक्ष्मदर्शकाला संशोधनातला वाटा देऊन मोकळी झाले होते.

"केंद्राच्या," मी चाचरत म्हटलं. पडवीत हशा पिकला. रसायनवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. सरसुद्धा हसले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अध्यक्षांनी मात्र टिपण खाली ठेवलं नाही.

"दोघांच्याही निबंधांतून निघालाय, त्यामुळे बिघडत काही नाही," ते म्हणाले. "पद्धत मला पटली. वेगळ्या पाण्यातली माणसं एका तागडीत घालायची नाहीत, हे पटलं. आता एक सांगा. रसायनवाल्यांना तुम्ही प्रत्येक निबंधात हात किती लावला ते विचारलंत. कालवांच्या सरांना विचारलंत का?"

"त्यांच्या निबंधांवर एकच नाव आहे," मी लगेच म्हटलं. "विचारायचं काय?"

अध्यक्षांनी टिपणावर बोट ठेवलं. "रापणवाल्यांच्या घरातल्या ना तुम्ही? एका माणसाने ओढलेली रापण पाहिलीय कधी?"

त्यांनी मान सरांकडे वळवली. "तुमचा सगळ्यात जास्त उल्लेख झालेला निबंध वालावलच्या खाडीवरचा. तिथे चिखलात उतरून पिल्लं कोण बघायचं?"

सर खाली बघत होते.

"ही," सर म्हणाले. "दोन पावसाळे आणि त्यांच्या मधला सगळा काळ. मी ताप घेऊन पडलो होतो तेव्हा एकटी होडीने जायची. पिल्लं कुठल्या पाण्यात खडक धरतात ते पहिल्यांदा तिला दिसलं. मी लिहून काढलं." मग म्हणाले, "निबंधाच्या तळाशी तिचे आभार मानलेत."

"आभार म्हणजे निस्त्यापुरतं," रसायनवाले हळूच म्हणाले. आता कुणी हसलं नाही.

"सर, असं सांगू नका!" मी जवळजवळ ओरडलेच. "तुमचं पद जाईल!"

"नियम तू केलास ना?" सर म्हणाले. "मग गप बस." आणि अध्यक्षांकडे वळून, "त्या निबंधातला निम्मा वाटा हिचा. लिहून घ्या."

अध्यक्षांनी खरंच लिहून घेतलं. सरांचा आकडा तिथेच खाली आला. इतक्या खटाटोपाने मी तो वर चढवला होता, आणि माझ्याच नियमाने, माझ्याच पायी तो घसरला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला, सरांचा आला, स्वतःचा तर इतका आला की काही विचारू नका. आणि त्याच वेळी आतून अशी काही उकळी फुटत होती की राग मला धड धरताच येईना. जपानात, फ्रान्समध्ये, अमेरिकेत ती माणसं माझी खाडी वाचत होती. मी पाहिलेलं वाचत होती! मुंबईत पान पान उलटून मी जे शोधत होते, त्यात मी होते.

निम्मा वाटा जाऊनही सरांचा हिशेब थोडक्यात वर राहिला आणि पद त्यांनाच मिळालं, हे महिन्याभराने कळलं. रसायनवाल्यांनी स्वतः चहा करून पहिला कप सरांना दिला, आणि घाटावर जाताना माझी थट्टा करायला विसरले नाहीत. पण समिती गेली त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सुसाट घरी गेले. वडील घरापुढच्या खळ्यात जाळं विणत बसले होते. रडत, हसत, मी त्यांना काय काय सांगितलं ते मलाच कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. विणणं थांबवलं नाही.

"म्हणजे तुका वाटो गावलो," ते म्हणाले.

"होय."

"पुरो?"

"अर्दो."

"आदी कितको होतो?"

"कायच नाय."

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "मगे रडतंस कित्याक?"