नणंदेचे बोंबील कडेच्या दोरीवर?

मंडळी, आज सकाळचं लिहितेच. नणंदेला विचारून लिहितेय.

ती एचआयव्हीची औषधं घेते, हे गावात कुणीतरी पसरवलं. आज सकाळी आम्ही दोघी किनाऱ्यावर बोंबील सुकत घालायला गेलो, तर शेजारच्या काकींनी तिची टोपली सरळ बाजूला सारली.

"तू तिकडं कडेच्या दोरीवर घाल. पालघरच्या व्यापाऱ्याला समजलं तर आमचा पन माल कोन घेनार नाय."

नणंद टोपली उचलून निघालीच.

मी म्हटलं, "काकी, हा आजार असा पसरत नाय. डॉक्टरांनी आमाला बसवून सांगितलंय."

"शानपना नको शिकवू. हिला हलव, नायतर दोघी चालत्या व्हा."

सगळ्याजणी काम थांबवून बघत होत्या.

बोंबील आम्ही जोडीने सुकवतो, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. मी तिच्या टोपलीतला एक घेतला, माझ्या टोपलीतला एक घेतला, अडकवले आणि मधल्या दोरीवर टाकले. टोपल्या रिकाम्या होईपर्यंत तेच केलं.

"आता काढा वेगळे," म्हटलं.

कुणीच पुढे आलं नाही. पण कुणी आमच्या बाजूनेही बोललं नाही, तेच जास्त लागलंय.

उद्या परत जायचंय. गावातल्या बायांनो, तिच्या बोंबलाला तुमचा बोंबील जोडायला कोण येतंय?