धुवून जपलेली गाडी

गाडी वीस वर्षं टिकवायची, असं मी किल्ली हातात आली त्याच दिवशी बायकोला बजावलं होतं. नंबर लावून सहा वर्षं वाट पाहिली होती. तेवढ्यात मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेलीसुद्धा. सीटवरचं प्लॅस्टिक मी कधी काढू दिलं नाही. खाली गालिचा, त्यावर रबरी मॅट, त्यावर गोणपाट. दर रविवारी बादल्या भरभरून गाडी आतूनबाहेरून धुवायचो. बायको आमच्या बोरीवलीच्या घराच्या गॅलरीतून म्हणायची, "अहो, आता तिला उटणंही लावा."

तिचं मागणं एकच होतं, मनोरी. मार्वेच्या धक्क्याजवळ गाडी लावायची, बोटीने पलीकडे जायचं, किनाऱ्यावर बसून डबा खायचा. मला ऐकूनच धडकी भरायची. "अगं, खारी हवा पत्रा खाते. पुढच्या रविवारी बघू." असे पुढचे रविवार पाच वर्षं गेले. गाडी फार तर आरे कॉलनीपर्यंत जायची, तीही बॅटरी उतरू नये म्हणून. मग आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि बायको गेली.

त्यानंतर घरात बोलायला कोणी उरलं नाही. संध्याकाळी खाली जाऊन गाडीत बसायचो, काचा पुसायचो. एकट्या माणसाला काहीतरी पुसायला लागतं.

दसऱ्याच्या पूजेआधी गाडी गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने गोणपाट काढलं, मॅट आणि गालिचा उचलला, आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आरपार खाली गेला.

"वाट लागली ना साहेब. पाणी साचून पत्रा सडलाय."

"पण मी ही समुद्राकडे कधी नेलीच नाही रे."

"समुद्र कशाला पायजे? धुवून धुवून तुम्हीच सडवली. चालवली असती तर सुकली तरी असती."

मला त्याचा राग आला, कारण तो खरं बोलत होता.

घरी परतलो तेव्हा शेजारच्या वहिनींनी चहाला बोलावलं. त्यांना पत्र्याचं सांगितलं आणि ओघात मनोरीचंही. बायकोला एकदाही नेलं नाही, हे मी पहिल्यांदाच कोणासमोर बोललो. वहिनींनी हातातला कप खाली ठेवला.

"भाऊजी, ती जाऊन आली होती. आम्ही भिशीच्या बायका बसने गेलो होतो, तुम्ही ऑफिसात असताना. चार वाजता परत."

"मला बोलली नाही."

"आम्हालाही बजावलं होतं, यांना सांगू नका म्हणून. स्वतः नेलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटेल म्हणाली."

मी विचारलं, "आवडलं का तिला?"

"खूप. फक्त बोटीत चढायला उशीर केला तिने. धक्क्यामागे भिंतीआड वारा न लागणारी जागा शोधत होती, तुमच्या गाडीसाठी."