गोपीचंद भावजी आणि वाऱ्याचं गणित

माझे धाकटे दीर गोपीचंद भावजी यांची एक खोड होती. घरात कोणतीही वस्तू आली की आधी ती धानावर पारखायची. सायकल घेतली ती मागे धानाचं पोतं बांधून, करडीच्या बांधावरून चालवून पाहिल्यावरच. छत्री घेतली तेव्हा दुकानातच उलटी धरून तिच्यात धान ओतलं. दुकानदार पाहतच राहिला. थोरल्या मुलीला पाहायला मुलगा आला, तर चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत त्याच्या हाती सूप दिलं. म्हणाले, "पाहुणे, दोन सुपं पाखडून दाखवा बरं." मुलगा नोकरीचा, पँट घातलेला. पण पाखडलं बिचाऱ्यानं. तो जावई फार गुणाचा निघाला. तेव्हा पद्धत अगदीच वाईट होती असं मी म्हणणार नाही.

तर हे गोपीचंद भावजी होमगार्डमध्ये होते. शेती सांभाळून परेडला जायचे, जत्रेत बंदोबस्ताला उभं राहायचे, आणि वर्षातून एकदा भंडाऱ्याकडच्या चांदमारीवर बंदुकीच्या स्पर्धेला. चांदमारी म्हणजे निशाण मारायचं मैदान. इकडून रायफलीनं गोळी झाडायची, तीनशे गजांवर पुठ्ठ्याची निशाणं उभी. निशाणाखाली खड्ड्यात माणसं बसतात. गोळी लागली की कुठे लागली ते काठीनं दाखवतात. लागलीच नाही तर खालून लाल झेंडा हलवतात.

भावजींचा हात स्थिर. वारा नसला की गोळी काळ्या गोलाच्या बाहेर जायची नाही. पण त्या मैदानाच्या कडेला मोठा तलाव. स्पर्धा दिवाळीनंतर, म्हणजे तलावावरून वारा हमखास. गोळी वाऱ्यानं वीतभर बाजूला सरकते. तेवढा नेम वाऱ्याच्या अंगाला सरकवून धरायचा असतो, आणि तेच भावजींना कधी जमलं नाही. कधी कमी धरायचे, कधी जास्त. दरवर्षी स्पर्धेची ढाल आमच्या मोहाडीऐवजी लाखनीवाले घेऊन जायचे, तीही भावजींच्या शेवटच्या चार गोळ्यांपायी.

लाखनीचा नेमबाज कोण? बाबूलाल. सडकेवर त्याचं किराणा दुकान, आणि माझ्या जावेचा, सुलोचनाबाईचा, तो सख्खा भाऊ. म्हणजे ढाल गेली ती गेली, वर सासुरवाडीला गेली.

बाबूलाल दर दिवाळीला यायचा आणि ओसरीवर बसून विचारायचा, "काय जी जवाईबापू, औंदा लाल लुगडं वाळू घालाचा बेत हाय का?" लाल लुगडं म्हणजे तो चुकलेल्या गोळीचा झेंडा.

सुलोचनाबाईच आतून म्हणायची, "दादा, करंज्या खाय आन् चूप राय. माह्याच घरच्या करंज्या खातेस आन् माह्याच माणसाले टोचतेस!"

शहाऐंशी सालची दिवाळी आली तेव्हा भावजींचं ते शेवटचं वर्ष होतं. वयामुळे पुढच्या उन्हाळ्यात वर्दी परत करायची होती. एकदा, फक्त एकदा, ढाल मोहाडीच्या आठवडी बाजारातून मिरवत न्यायची, एवढी एकच हौस उरली होती त्या माणसाची. फटाके संपले तरी ते अंगणात मुसळ खांद्याला लावून आडवे पडलेले असायचे. तुळशीवर नेम, पिंपळाच्या पानांवर डोळा. मी सडा घालायला गेले की म्हणायचे, "वहिनी, वाईच थांबा, तुमी नेमात आल्या."

त्या सुटीत माझा मुलगा इश्वर नागपूरहून आला. इंजिनिअरिंगला होता. त्यानं आपल्या सरांकडून एक डबी मागून आणली होती, पानाच्या चंचीएवढी. वर बटणं आणि छोटीशी काच. त्याला म्हणे खिशातला कॉम्प्युटर म्हणतात.

"काका," तो म्हणाला, "वाऱ्याचं गणित याच्यात होते. वारा किती, ते सांगा. नेम किती सरकवाचा, ते हे सांगते."

भावजी मुसळ टाकून उठले. "किती बोटं, ते सांगन का?"

"बोटांत सांगाले लावतो ना."

पण डबीत मावत होतं एकच गणित, आणि इश्वरजवळ होती दोन. एक त्याच्या मित्रानं लिहिलेलं. ते तीनच गोष्टी विचारायचं: लांबी किती, वारा किती, कोणत्या बाजूचा. बटण दाबलं की उत्तर हजर. दुसरं इश्वरचं स्वतःचं. त्याच्या चौकशा म्हणजे मुलगी पाहायला आलेल्या आत्याबाईसारख्या. गोळीचं वजन किती, सुटताना वेग किती, हवा गरम की थंड, वारा आपल्याजवळ किती, मधात किती, निशाणापाशी किती. मग काचेवर काही दिसायचं नाही, डबी विचार करत बसायची, आणि त्यानंतर उत्तर. आता माझी नात याला सॉफ्टवेअर म्हणते. तेव्हा आम्ही छोटं गणित आणि मोठं गणित म्हणायचो.

"कोनतं ठेवू, सांगा काका. परवा मले जाचं हाय."

मी म्हटलं, "छोटंच ठेव बापा. इतक्या चौकशा करेपर्यंत तिकडे वारा घरी निघून जाईन."

भावजी म्हणाले, "असं कसं? खळ्यावर चला."

इश्वरनं डोक्याला हात लावला. "काका, हे गोळीचं गणित हाय. धानाचं नाही."

"उडते ते सारं सारखंच. चाल."

हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान तेव्हा खळ्यावर आलंच होतं; भारी धान मागून यायचं होतं. भावजी तिवईवर चढले, सूप डोक्यावर धरून धान वाऱ्यावर सोडू लागले. खाली इश्वर डबी घेऊन, आणि सुलोचनाबाई झाडणी घेऊन. आधी छोटं गणित. त्यात इश्वरनं उंची लिहिली, वारा लिहिला. डबी म्हणाली, शून्य. दाणा मुळीच सरकणार नाही.

"शून्य?" सुलोचनाबाई डोक्यावरचा पदर झटकत म्हणाली. "मंग हा एवढा कोंडा माह्या केसात काय पायी चालत आला?"

छोटं गणित तिथंच नापास. त्यात गोळी पक्की भरलेली होती, बदलता येत नव्हती, असं इश्वर सांगत राहिला. कोण ऐकतो? मोठं गणित मात्र वजन विचारत होतं. भावजी मूठभर दाणे घेऊन सोनाराकडे गेले. सोनारानं आधी विचारलं, "मोडून काय कराचं, नथ का बाळी?" मग हसत हसत दाण्याचं वजन काढून दिलं. ते डबीत घातलं, वेगही धानाचा घातला. उत्तर आलं तीन विती. भावजींनी जमिनीवर वीत लावली. दाणे जवळपास तिथंच पडले होते.

"हे घ्या!" भावजी तिवईवरून उडी मारून उतरले. "हे धान वळखते. हेच ठेव."

इश्वरनं वेग परत गोळीचा घालून दिला, बटणं शिकवली, आणि नागपूरची गाडी धरली. जाताना सांगितलं, "जे बदललं नाही ते डबीत तसंच राहाते, काका. फक्त बटण दाबून समोर जाचं."

सुलोचनाबाईनं स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्याला देवापुढे उभं केलं. "शपथ घ्या. औंदा सोताचं डोकं चालवाचं नाही. डबी म्हनन तसंच कराचं."

"घेतली," भावजी म्हणाले.

स्पर्धेला आम्ही दोघी जावा एसटीनं गेलो, भाकरी आणि झुणका बांधून. नेमबाजांच्या मागे दोरी बांधली होती, तिच्याआड बसलो. तलावावरून असा वारा की पदर दातात धरावा लागत होता. मैदानाच्या मध्यावर एका बाजूला तलावाची उंच पार, म्हणजे मातीचा बांध, तेवढ्या जागेत गवत हलत नव्हतं. अलीकडे हलत होतं, पलीकडे तर लोळत होतं. भावजी आणि बाबूलाल शेजारी शेजारी आडवे झाले. आधी प्रत्येकाला पारखायच्या दोन गोळ्या, त्या हिशोबात धरत नाहीत.

भावजींनी डबी काढली. बटणं दाबली. काचेकडे पाहिलं. मग डोळे चोळून परत पाहिलं.

बाबूलालनं विचारलं, "काय म्हनते तुमची चंची?"

"दोनशे बोटं," भावजी हळूच म्हणाले.

दोनशे बोटं म्हणजे सोळा-सतरा विती. शपथ नसती तर त्या माणसानं डबी तलावात फेकली असती. पण शपथ ती शपथ. रायफलीचं तोंड सरकवत सरकवत नेलं आणि गोळी झाडली.

भावजींच्या निशाणाखालून लाल झेंडा हलला. सुलोचनाबाईनं माझा हात घट्ट धरला. आणि तेवढ्यात शेजारी, बाबूलालच्या निशाणावर, काठी वर आली. गोळी काळ्या गोलाच्या काठाला लागली, म्हणून दाखवू लागली.

बाबूलाल कोपरांवर उठून बसला. "साहेब! म्या तं अजून घोडाच नाही दाबला, आन् मले मार्क!"

साऱ्या रांगेत हशा पिकला. भावजींनी हात वर केला. "साहेब, ते गोळी माही व्हय."

स्पर्धा घेणारे साहेब मिशीत हसले, पण बोलले कडक. "पुन्हा दुसऱ्याच्या निशाणावर गेली तर बाहेर बसावं लागेल. एकच पारख उरली आहे."

"जवाईबापू," बाबूलाल म्हणाला, "तेरा वर्षं सोताचं निशाण नाही सापडलं, तं माहं धरलं का?"

सुलोचनाबाई दोरीआडून ओरडली, "दादा, चूप बस! घरी ये, करंजी नाही भेटत तुले!"

भावजींचा चेहरा पाहवत नव्हता. पारखायची एक गोळी उरलेली, आणि दोनच रस्ते: डबी किंवा शपथ मोडून डोकं. त्यांनी डबी पुन्हा उघडली आणि मोठ्यानं वाचत गेले. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "जवळचा वारा... बरोबर. मधातला, पारीच्या आड... काहीच नाही, बरोबर. निशाणापाशी... जोरात. वेग... इश्वरनं घातला तोच. वजन..."

थांबले. मग कपाळावर असा हात मारला की टोपी पडली.

"अवो, धान!" ते आमच्याकडे वळून ओरडले. "दाणाच राह्यला आतमंदी!"

बटण दाबत पुढे जात राहिले होते ना! सोनाराकडचं वजन तसंच बसलेलं. बिचारी डबी इमानदारीनं सांगत होती की या वाऱ्यात रायफलीनं धानाचा दाणा मारायचा तर कुठे धरावं. साहेबांनी हे ऐकलं आणि पाठ फिरवून बराच वेळ तलाव पाहत उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

गोळीचं वजन घातल्यावर डबीनं विचार केला आणि सांगितलं, नऊ बोटं. भावजींनी नऊ बोटं धरली. दुसरी पारख काळ्या गोलात गेली. मग खऱ्या गोळ्या सुरू झाल्या. दर गोळीआधी वाऱ्याची चौकशी, डबीचं विचारात पडणं, मग धडाम. बाकीचे सारे उठून उभे राहिले तरी हे आपले बटणं दाबताहेत. साहेब म्हणाले, "गोपीचंद, वेळ होतो आहे." भावजी म्हणाले, "साहेब, ते विचार करून राहिलं." पण लाल झेंडा एकदाही हलला नाही.

तलावाच्या पारीमुळे त्या मैदानात तीन जागी तीन वारे होते. छोट्या गणिताला एकच कळला असता. म्हणजे भावजींनी मोठं निवडलं ते बरोबरच, पण ज्या कारणानं निवडलं ते पार वेडं. अशी कामं आमच्या घरात पुष्कळ झाली आहेत. लग्नंसुद्धा.

ढाल मोहाडीला आली. बाजाराच्या दिवशी भावजींनी ती छातीशी धरून वांग्यांच्या ढिगांमधून, मिरच्यांच्या पोत्यांवरून, तहसीलच्या फाटकापर्यंत नेली. सोनारानं दुकानातून हाक मारली, "काय भाऊ, दाण्याचं जमलं म्हना!" बाबूलाल सोबत होता. त्यानंच ढालीची दुसरी कड धरली होती आणि भेटेल त्याला सांगत होता, "यातली एक गोळी माह्या निशाणावर लागली हाय, ध्यानात ठेवा. अर्धी ढाल लाखनीची!"

डबी परत न्यायला इश्वर आला तेव्हा त्यानं ती उघडून पाहिली आणि विचारलं, "काका, आता वजन पुन्हा धानाचं काहून ठेवलं? सर काय म्हनतील?"

भावजी खळ्यावर जायला निघालेच होते, सूप काखेत होतं. म्हणाले, "तुह्या सरले सांग, गोळीचं पारखून झालं. भारी धान उडवाचं रायलं हाय. आजच्या दिवस राहू दे डबी."