मोरीवर ठेवलेलं इन्सुलिन

माझ्या दादाला मी मारलं.

लोक म्हणतात, कोरोनाच्या काळात गेला. मी मान हलवते, विषय संपतो. आज त्याच्या श्राद्धाचा दिवस आहे. आज मान हलवणार नाही.

दादाला विसाव्या वर्षापासून डायबेटिस. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. तरी गडी ठणठणीत! रोज पळसदरीच्या धरणापर्यंत चालून यायचा.

"शुगरला मी पाळलंय, शुगरनं मला नाय," असं वर ऐकवायचा.

लॉकडाऊन लागलं आणि चालणं बंद झालं. मग हा गावाच्या वेशीवर जाऊन बसला. रस्त्यात बांबू आडवा टाकला आणि नियम केला: बाहेरून आलेली प्रत्येक पिशवी पाच तास तिथल्या रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर, उन्हात. ऊन दाखवल्याशिवाय घरात काही न्यायचं नाही.

गावानं ऐकलं. दादाचं सगळे ऐकायचे.

मे महिन्यात त्याचं इन्सुलिन संपत आलं. मी खालापूरला मेडिकलमध्ये कामाला. आमच्याकडेच माल येईना. चार दिवस फोन करकरून रसायनीच्या एका दुकानातून दोन बाटल्या मिळवल्या. कागदात गुंडाळून बर्फाच्या पिशवीत ठेवल्या, स्कूटी काढली. तीन ठिकाणी पोलिसांना पास दाखवला.

बांबूपाशी दादाच उभा. तोंडाला गमछा.

"आत नाय यायचं गं. पिशवी मोरीवर ठेव."

"अरे, दोन महिन्यांनी आलेय. आईला लांबूनच बघते आणि निघते."

"उद्या सगळ्यांच्या बहिणी येतील. त्यांना काय सांगू मी?"

माझं डोकंच सटकलं. "बस मग तुझा बांबू धरून!" म्हटलं, पिशवी मोरीवर आदळली आणि गाडी वळवली.

इन्सुलिन उन्हात ठेवू नका. हे वाक्य मी काउंटरवर दिवसातून दहा वेळा बोलते.

सख्ख्या भावाला बोलले नाही. रागात होते ना!

दोन दिवस फोनसुद्धा केला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीचाच आला.

"वन्सं, ह्यांना सारखी तहान लागतेय. शुगर खालीच येईना. सकाळपासून उलट्या."

"इंजेक्शन घेतोय ना?"

"घेतायत की. डोस पण वाढवलाय."

"त्याला फोन दे."

दादाचा आवाज खोल गेला होता.

"बाटल्या कुठं ठेवल्यास?"

"फ्रीजमंदी."

"त्याच्या आधी?"

त्यानं वहिनीकडं पाणी मागितलं.

"दादा!"

"मोरीवर. पाच तास."

"अरे, वीस वर्षं घेतोयस तू! तुला कळत नाही?"

"कळत होतं गं. पण आदल्या दिवशी सरपंचाच्या घरची पिशवी ठेवायला लावली मी. आपलीच कशी उचलू? वाटलं, एवढ्यानं काय होतंय."

मी ओरडले, आत्ताच्या आत्ता कर्जतला न्या. टेंपो मिळायला तास गेला. बांबूपाशी पोरांनी अडवलं, परत आल्यावर ह्यांना शाळेत क्वारंटाइन ठेवायचं का विचारत बसली. वहिनी सांगते, दादानंच पडल्या पडल्या हात हलवला. उघडा.

पहिल्या हॉस्पिटलात बेड नव्हता. दुसऱ्यात मिळाला, तोवर त्याचं बोलणं थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

कोरोनाची टेस्ट निगेटिव्ह आली.

आम्ही दोघं एकाच आईची. त्यानं नियम सोडला नाही, मी राग सोडला नाही.

परवा एक काका इन्सुलिन घ्यायला आले होते. मी नेहमीचं वाक्य सुरू केलं, तर माझ्यावरच खेकसले, "बारा वर्षं घेतोय बाई, माहीत हाय मला!"

म्हटलं, "माझ्या दादालाही माहीत होतं. तरी ऐकून घ्या."

त्यांनी ऐकून घेतलं.

दादा, तो बांबू कधीच काढला रे. परवा आईला भेटायला आले, तेव्हा मोरीपाशी गाडी थांबवली. तिथं आता कुणी अडवत नाही.

तुझ्यावरचा राग तर त्या फोनवरच गेला होता. सांगायचं राहिलं.

जिथं असशील तिथं सावलीत राहा.