खिडकीतली पेटी

माझी हयात सॉफ्टवेअर तपासण्यात गेली. मी केलेलं काम आजवर कुणाला हाताने चाचपता आलेलं नाही. त्यामुळे कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीला मी स्वतः ठोकून लावलेल्या लाकडी पेटीचा मला अभिमान आहे, आणि तो जरा जास्तच आहे. असू दे.

नवा फ्लॅट घेतला आणि वर्ध्याहून आईला बोलावलं, कायमचं राहायला. ती आली ती जूनचं परतीचं तिकीट काढूनच. "तुह्या घरी सारं हाय, माती तेवढी नाई," म्हणाली. तिकडे तिची अख्खी सकाळ अंगणातल्या झाडांत जायची. इथे ती सोफ्याच्या काठावर पाहुण्यासारखी बसायची. ते मला बघवेना. हे तिकीट रद्द झालंच पाहिजे, असं मी ठरवलं.

ऑफिसात नवे सर्व्हर ज्या खोक्यांतून आले, त्यांच्या फळ्या मागून आणल्या. करवत शेजाऱ्यांची, घाम माझा. ग्रिलला अडकवायला लोखंडी पट्टीचे हूक वाकवून घेतले. माती भरण्याआधी पेटीत ओल्या विटा ठेवून ती आठवडाभर टांगून ठेवली, कारण तपासल्याशिवाय काहीही पुढे सोडायचं नाही, ही माझी सवय. खालच्या मजल्यावरचे काका मान वर करून म्हणाले, "अहो, हे पडायची वेळ ठरली की कळवा. आम्ही त्या दिवशी गावाला जाऊ."

पेटी तसूभरही हलली नाही. पण काकांच्या धुण्यावर थेंब पडायला नको, म्हणून मी तिला तळाशी एकही भोक पाडलं नव्हतं, शिवाय आतून प्लास्टिक लावलं होतं. आईने मेथी पेरली. "मी जाईन तवर भाजी निघते," म्हणाली. मेथी उगवली आणि पाणी साचून कुजली. आईने बॅगेची चेन नीट चालते का ते पाहिलं.

त्या रविवारी मी पेटी उतरवली. तळाला भोकं पाडली, खाली पत्र्याची उतरती पन्हळ बसवली आणि तिची नळी भिंतीवरून लगतच्या आमच्याच बाल्कनीतल्या बादलीत सोडली. आईने तांब्याने भरपूर पाणी घातलं. आम्ही दोघी वाकून खाली बघत राहिलो. काकांचे बनियन कोरडे ठणठणीत.

काकांनी वर पाहिलं. "वा. म्हणजे आम्ही गावाला जायची गरज नाही तर." पुण्यात याहून मोठी शाबासकी मिळत नाही. मी दिवसभर उगाचच त्या खिडकीपाशी घोटाळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर आई पेटीपाशी उभी. बॅगेच्या तळाशी ठेवलेली एक पुरचुंडी तिने सोडली होती. तिच्यात वर्ध्याच्या अंगणातल्या वालाच्या बिया होत्या.

"याला शेंगा कधी येतात गं?" मी विचारलं.

"थंडीत." तिने बोटाने माती उकरून एकेक बी आत सारलं. "वेल चढन ग्रिलवर. पेटी टिकन ना तवर?"

"आई, ओल्या विटा ठेवून तपासलीय मी."

"मंग ते जूनचं तिकीट परत करून टाक."