अक्कांचा पासवर्ड, माझा कॉम्प्युटर

“वय झालं की माउससुद्धा ऐकत नाही,” कॉफीच्या मशीनपाशी आमचा सिस्टीमवाला तमिळमध्ये म्हणाला. “आता त्यांच्या हातात रुद्राक्षाची माळ द्या. ती तरी ओव्हरराइट होणार नाही.”

बाकीचे दोघं हसले. मी फाइलींच्या रॅकच्या अलीकडे रिकामा कप धरून उभी होते. लोकांचं हसणं संपेपर्यंत मी कधी पुढे जात नाही. संपलं की जाते, कप भरते, परत येते. त्या दिवशी कप न भरताच परत आले, कारण ते अक्कांबद्दल बोलत होते.

अक्का म्हणजे आमच्या ड्रॉइंग सेक्शनच्या सगळ्यात जुन्या बाई. श्रीपेरुंबुदूरच्या आमच्या कारखान्यात गाड्यांसाठी लोखंडी ब्रॅकेट बनतात, आणि कुठल्या ब्रॅकेटचं कुठलं ड्रॉइंग सध्या चालू आहे हे बघणं अक्कांचं काम. सगळी ड्रॉइंग सर्व्हरवरच्या एका शेअर्ड फोल्डरमध्ये असतात. उघडून बघायला ती सगळ्यांना दिसतात, पण त्यात बदल करायची परवानगी फार थोड्यांना. खाली मशीनवरचा माणूस त्या फोल्डरमधलं ड्रॉइंग छापतो आणि त्याप्रमाणे भोक पाडतो. त्याला दुसरं काही विचारायचं नसतं.

मंगळवारी त्या फोल्डरमधलं एक नवं ड्रॉइंग पुसलं जाऊन त्या जागी जुनं आलं होतं. दोन पाळ्यांचे ब्रॅकेट जुन्या मापाने भोक पडून तयार झाले आणि गुरुवारी तपासणीत अडकले. सिस्टीमवाल्याने सर्व्हरवरची नोंद काढली. मंगळवार, एक वाजून दहा मिनिटं, आणि पुढे अक्कांचं नाव. शुक्रवारी साहेब मीटिंग घेणार होते. अक्कांकडून ड्रॉइंगचं टेबल काढून त्यांना गेटजवळच्या खोलीत जुने कागद स्कॅन करायला बसवायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं.

अक्का तंजावरकडच्या मराठी. आम्ही चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या क्वार्टर्समधले. बाबा तिथल्या कारखान्यात आहेत. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, तमिळ रस्त्यावर शिकले, मराठी घरात जेवढी बोलतात तेवढी. नोकरीच्या पहिल्या दिवशी माझं आडनाव वाचून अक्कांनी मान वर केली होती. “आमच्या लोकांतली काय गे तू?” असं त्यांनी विचारलं, आणि त्या सुरावरून मला आधी वाटलं की त्या तमिळच बोलतायत. मी हळूच “हो” म्हणाले. मग त्या रोज माझ्याशी मराठीत बोलायला लागल्या. मी मोजून उत्तरं द्यायची आणि त्या म्हणायच्या, “तुझं मराठी म्हणजे बँकेचं पत्र. खाली सही तेवढी राहिली.”

गुरुवारी दुपारी सगळ्यांना एक मेल आला. कोणाच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याचा पासवर्ड सेव्ह असेल तर तो उद्या संध्याकाळपर्यंत काढून टाका आणि स्वतःचा घाला. तो कुठे सापडतो हे सांगायला सिस्टीमवाल्याने चित्रावर लाल बाण काढून पाठवले होते. मी आज्ञाधारक आहे. मेल आला की मी लगेच करते, म्हणजे कोणी विचारायला येत नाही.

बाणांप्रमाणे कंट्रोल पॅनेल उघडलं, त्यात क्रेडेन्शियल मॅनेजर. तिथे आमच्या सर्व्हरचं नाव होतं. त्यावर क्लिक केलं, तर खाली युजरनेम म्हणून अक्कांचं नाव आलं. पासवर्डच्या जागी ठिपके. त्याखाली दोन शब्द, एडिट आणि रिमूव्ह.

मी ती खिडकी आधी लहान केली. मग पुन्हा मोठी केली.

आमच्याकडे नव्या माणसाला सर्व्हरचा पासवर्ड मिळायला कागदी फॉर्म भरावा लागतो, त्यावर तीन सह्या लागतात, आणि त्यातला एक सहीवाला कायम दौऱ्यावर असतो. तोपर्यंत काम थांबू नये म्हणून शेजारचा माणूस आपला पासवर्ड टाकून देतो. पाऊस आल्यावर छत्री द्यावी इतक्या सहज. कोणाला त्यात काही वाटत नाही. माझ्या पहिल्या आठवड्यात अक्कांनी माझ्या कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव टाकलं, कीबोर्ड आपल्याकडे वळवून पासवर्ड टाकला आणि म्हणाल्या, “रोज सकाळी हाक मार मला. मी येऊन टाकीन.”

रोज सकाळी हाक मार. म्हणजे रोज सकाळी, सगळ्यांच्या देखत, चार टेबलं ओलांडून आवाज जाईल इतक्या मोठ्याने. पासवर्डच्या खाली एक छोटा चौकोन होता, हे लक्षात ठेवू का असं विचारणारा. एंटर दाबायचं माझ्यावर सोडून त्या वळल्या तेव्हा मी त्या चौकोनात टिक केली. त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, “झालं, अक्का, चाललंय.” त्यांना वाटलं, एकदाचा फॉर्म लवकर सुटला आणि माझा स्वतःचा पासवर्ड आला.

तो आलाही, तीन आठवड्यांनी, बंद पाकिटात. पण फोल्डर तर उघडतच होतं. मी पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं. कॉम्प्युटरने मला पुन्हा कधी काही विचारलं नाही, आणि मला न विचारणारी माणसं आणि यंत्रं दोन्ही आवडतात.

म्हणजे इतके महिने मी त्या फोल्डरमध्ये जे काही केलं ते अक्कांच्या नावावर लिहिलं गेलं होतं. माझ्या नावाला तिथे बदल करायची परवानगीसुद्धा नव्हती. होती ती फक्त बघण्याची.

मंगळवारी एक दहा. त्या वेळी सगळे कॅन्टीनमध्ये असतात. मी जागेवरच जेवते, कॅन्टीनमध्ये कोणाच्या टेबलावर बसायचं हे मला कधी ठरवता येत नाही. डाव्या हाताने माउस धरून मी त्या दिवशी त्याच ब्रॅकेटचं जुनं ड्रॉइंग उघडलं होतं, त्यातली एक टीप कॉपी करायला. बंद करताना कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं. मी ‘येस’ दाबलं. डब्यात लिंबूभात होता हेही मला आठवलं. काय विचारलं होतं ते मात्र आठवलं नाही. नव्याच्या जागी हेच ठेवू का, असंच असणार.

रिमूव्हवर बाण नेला. तो काढायला तर मेलच आला होता. सगळे काढणारच होते, आणि काढल्यावर माझ्या कॉम्प्युटरवर अक्कांचं नाव कधी होतं हे कोणालाही कळलं नसतं. माझं प्रोबेशन संपायला एक महिना राहिला होता. मी काहीही न करता कॉम्प्युटर बंद केला आणि बस पकडायला गेले.

कंपनीच्या बसमध्ये अक्कांची जागा ठरलेली, पुढून तिसरी, खिडकी. त्या रोज शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून माझ्यासाठी जागा धरायच्या. त्या दिवशीही पिशवी होती. त्यांनी ती उचलून मांडीवर घेतली. एरवी आधी त्या बोलायच्या, या वेळी मीच म्हणाले, “अक्का, उद्याचं काय?”

“उद्याचं काय, बोलावलंय. जायचं. डोकं हलवायचं.”

“तुम्ही तेव्हा कॅन्टीनमध्ये होता ना?”

“होते की. पण साक्षीला कोण? दहीभात?” स्वतःच थोडं हसल्या. मग पिशवीतून एक लहान वही काढून मला दाखवली. गुरुवार सकाळपासून त्यांनी उघडलेल्या प्रत्येक फाइलचं नाव आणि वेळ त्यात होती. काही ओळींपुढे दोन टिका होत्या. “एकदा बघते, मग पुन्हा जाऊन बघते, खरंच बंद केली काय म्हणून. मघाशी घरच्या कपाटाची किल्ली पर्समध्ये आहे का ते चारदा बघितलं.”

“पण तुम्ही केलंच नसेल तर?”

“मला आठवत नाही गे, कण्णा. मी केलं असं मुळीच आठवत नाही. तेच तर भय.” त्या खिडकीकडे बघत बोलत होत्या. “माझ्या आईचं असंच सुरू झालेलं. गॅस लावायची आणि म्हणायची, मी लावलाच नाही. आम्ही तिला वेडावायचो. मशीन कशाला खोटं सांगेल? त्याला माझ्याशी काय वैर?”

स्कॅनिंगच्या खोलीबद्दल त्या बोलल्याच नाहीत. मी मात्र दुपारपासून त्या खोलीचाच विचार करत होते. टेबल गेलं तर फार वाईट होईल, पण खोलीत पंखा आहे, शेवटची तीनच वर्षं आहेत, असं काहीतरी जुळवत. त्या वहीतल्या दोन-दोन टिका बघितल्यावर ते सगळं जुळवणं बंद पडलं. खोटी नोंद माझ्यामुळे झाली होती आणि ती खरी मानून अक्का स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास काढून घेत होत्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पूनमल्लीचा सिग्नल गेला, माझा स्टॉप आला. “सेरी, बरं तर, नीट जा,” त्या म्हणाल्या. मी “हो” म्हणाले आणि उतरले.

घरी जाऊन साहेबांना इंग्रजीत मेल लिहिला. इंग्रजीत मला सगळं सुबक मांडता येतं. सर्व्हर, सेव्ह केलेला पासवर्ड, फॉर्मला लागणारा उशीर, यापुढे घ्यायची काळजी, चार छान परिच्छेद. आईने वाचला आणि विचारलं, “हे कोणी केलं ते कुठे लिहिलंयस?” मी पुन्हा वाचला. कुठेच नव्हतं. मेल पुसून टाकला.

शुक्रवारी सकाळी आल्याबरोबर आधी क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून पाहिला. नाव तिथेच होतं. कोणी येऊन ते काढू नये म्हणून कॉम्प्युटर लॉक केला आणि पहिल्यांदाच न बोलावता साहेबांच्या केबिनकडे गेले.

दार उघडंच होतं. सिस्टीमवाला सर्व्हरच्या नोंदीचा कागद घेऊन उभा होता, अक्कांच्या नावाखाली पिवळी रेघ मारलेला. अक्का खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, वही हातात. साहेब चांगला माणूस आहे, त्यांचा आवाज अगदी मऊ होता. “कोणाच्याही हातून होतं हो, अक्का. आता थोडं हलकं काम घ्या. डोळ्यांनाही बरं.”

“हो सर,” अक्का म्हणाल्या. “माझ्याच हातून झालं असणार. मला हल्ली—”

“सर,” मी म्हणाले.

माझा आवाज मोठा आला. बाहेरच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलेलं मला ऐकू आलं. सिस्टीमवाला माझ्याकडे असा बघत होता, जणू रॅक बोलला. अक्का वळल्या आणि मराठीत हळूच म्हणाल्या, “काय गे, बरं नाही काय?”

घरून तयार केलेलं वाक्य गेलं होतं. तमिळमध्ये जे आलं ते बोलले, अधूनमधून अक्कांकडे बघून मराठीत, म्हणजे त्यांचं एक अक्षरही सुटायला नको.

“अक्कांनी काही केलं नाही, सर. अक्का, ऐका, तुम्ही विसरला नाहीत. मंगळवारी जेवताना ती फाइल मी बदलली. तुमचा पासवर्ड माझ्या कॉम्प्युटरवर मी तुम्हाला न सांगता सेव्ह करून ठेवलाय, तो आत्ताही तिथेच आहे. या ना, दाखवते.”